आखाड, आत्या आणि भावजींचं शेड

पत्र:

डॉक्टरकाका, नमस्कार. आम्ही कोरेगाव तालुक्यातले. सासूबाईंना (मी आत्या म्हणते) वर्षभरात तिसऱ्यांदा लघवीचं इन्फेक्शन झालं. वय ६८, शुगर आहे. या वेळी साताऱ्यात लघवीचं कल्चर केलं, म्हणजे कुठला जंतू आणि कुठलं औषध चालेल ते तपासलं, तर रिपोर्टात औषधांच्या नावांपुढे वरपासून खालपर्यंत आर, आर, आर. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी भागणार नाही, इंजेक्शनं घ्यावी लागतील. नणंदेची मुलगी नर्सिंगला आहे, ती पटकन बोलून गेली की ब्रॉयलर खाऊन असं होतं, कोंबड्यांना अँटिबायोटिक देतात. झालं! धाकट्या दिरांचं पाच हजार पक्ष्यांचं शेड आहे, कंपनीच्या करारावर. ते भडकले, 'माझ्या कोंबडीनं आई आजारी पडली म्हणता?' आता आत्या चिकनला शिवत नाहीत आणि भावजी आमच्याकडे जेवत नाहीत. हे म्हणतात, यापुढं गावरानच आणू. आखाडात सगळे पाहुणे येणार. मिठा-हळदीच्या पाण्यानं दोन-तीनदा धुतलं तर हे जंतू जातात का? मुलांना सूप द्यावं का? पूर्वी आत्यांना त्रास झाला की डब्यातल्या उरलेल्या गोळ्या द्यायचो, आराम पडायचा. आता त्याही लागू पडत नाहीत.
— एक सून, कोरेगाव

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात चिकनवर सगळं पान खर्ची पडलंय आणि गोळ्यांच्या डब्याला शेवटी दोन ओळी मिळाल्यात. मी त्या दोन ओळी परत परत वाचल्या. त्यांच्याकडे येतोच, पण आधी भावजींचा राग उतरवू, कारण त्यात माझाही थोडा वाटा आहे.

मी गुरांचा डॉक्टर. उमेदीची वर्षं शेडांमधून फिरण्यात गेली. शेडवाला म्हणायचा, 'साहेब, पक्षी मलूल दिसत्यात, घरघर करत्यात.' मी दोन पक्षी उचलून बघायचो आणि पाण्याच्या टाकीत पाच दिवस औषध सोडायला सांगायचो. आजारी असायचे वीस-पंचवीस, औषध प्यायचे पाच हजार. एकेका कोंबडीला धरून गोळी भरवता येत नाही, त्यामुळे शेडमध्ये औषध म्हणजे सगळ्यांना औषध. बरं, आजारी पक्षी पाणी कमी पितो, म्हणजे ज्याला गरज त्याला डोस अपुरा आणि धडधाकट पक्ष्याला भरपूर. जंतू कुठला आहे हे तपासायला नमुना पाठवलाय, असं माझ्या हातून फार क्वचित झालं. मर थांबली की शेतकरी खूश, मीही खूश.

यात बिघडलं काय, ते तुम्हाला उसाच्या रानातून चटकन कळेल. लव्हाळा माहीत आहे ना? तणनाशक मारलं की मऊ गवत सगळं जळतं आणि लव्हाळा आठ दिवसांनी पुन्हा डोकं काढतो. आता शेजारचं गवत मेल्यामुळे त्याला रान मोकळं. दरवर्षी तेच औषध मारत राहिलात की चार वर्षांनी सरीत नुसता लव्हाळा. कोंबडीच्या आतड्यातही असंच होतं. औषधानं मरणारे जंतू मरतात, न मरणारे मोजके मागे राहतात आणि त्यांचीच पैदास वाढते. विष्ठेतून ते शेडमध्ये अंथरलेल्या तुसात, तुसातून पुढच्या पक्ष्यात.

आणखी एक भानगड आहे. औषध पचवायची ही कला जंतू आपल्या पिलावळीला तर देतातच, पण शेजारच्या परक्या जातीच्या जंतूलाही देतात. प्लाझ्मिड नावाचं जनुकांचं एक छोटं कडं असतं, त्याची प्रत काढून ते एकमेकांना देतात. शेजारणीला वाटीभर विरजण दिलं म्हणून आपलं दही संपत नाही, आणि तिकडे तिच्या पातेल्यात मात्र सगळं दूध लागतं, तसं. म्हणून कोंबडीच्या आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा निरुपद्रवी जंतूसुद्धा माणसाच्या पोटात दोन दिवस पाहुणा राहून हे विरजण ठेवून जाऊ शकतो.

आत्यांच्या रिपोर्टावरही बहुतेक ई. कोलायच लिहिलं असेल, लघवीच्या इन्फेक्शनमध्ये सर्रास तोच सापडतो. 'आर' म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला तो दाद देत नाही. खाली कुठंतरी 'एस' असेल, ते औषध चालतं. डॉक्टरांनी त्या 'एस'कडे बघूनच इंजेक्शन निवडलंय. मग तो जंतू भावजींच्या शेडमधून आला का? असं छातीठोकपणे कुणीही सांगू शकत नाही. लघवीत शिरणारा जंतू बहुतेकदा आपल्याच आतड्यातून येतो. आतड्यात तो निबर कसा झाला, याला वाटा अनेक: आधी घेतलेली औषधं, दवाखान्यातला मुक्काम, पाणी, कच्चं खाणं आणि हो, मांस हाताळणंही. नर्सिंगच्या मुलीचं म्हणणं निराधार नाही. चूक इतकीच झाली की सगळ्या गावाचा दोष तिनं एका शेडच्या दारात नेऊन टाकला, आणि तोही सख्ख्या मामाच्या.

तिला हा प्रश्न कुठून सुचला असेल, तेही सांगतो. कोलिस्टिन नावाचं एक जुनं औषध आहे. किडनीला त्रास देतं म्हणून माणसांसाठी ते जवळजवळ अडगळीत गेलं होतं. पुढे बाकी औषधं हरायला लागली तेव्हा अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून त्याला परत बोलवावं लागलं. आणि नेमकं तेच औषध इकडे कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलं जात होतं, आजारासाठी नव्हे, वजन वाढावं म्हणून. शेडच्या खिडकीत धूळ खात पडलेली त्याची पाकिटं मी स्वतः पाहिलीत. २०१५ साली चीनमध्ये संशोधकांना डुकरांत, कच्च्या मांसात आणि दवाखान्यातल्या रुग्णांत कोलिस्टिनला पुरून उरणारं एकच जनुक सापडलं, आणि ते प्लाझ्मिडवर होतं. म्हणजे विरजण वाटायला तयार. आपल्या सरकारनं २०१९ च्या जुलैमध्ये खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिन वापरायला बंदी घातली. युरोपनं तर वजनवाढीसाठी अँटिबायोटिक देणंच २००६ पासून बंद केलंय.

इथे एक गल्लत नेहमी होते. मांसात उरलेला औषधाचा अंश वेगळा आणि मांसावरचा निबर जिवंत जंतू वेगळा. २०१४ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले आणि ४० टक्क्यांत औषधाचे अंश सापडल्याचं सांगितलं, त्याची बातमी गाजली. ती अंशांची गोष्ट होती. अंश टाळायचा उपाय शेडवर असतो: शेवटचा डोस आणि पक्षी कापणं यांत ठरलेले दिवस जाऊ देणं. जंतूवरचा उपाय मात्र बराचसा तुमच्या स्वयंपाकघरात आहे. (आणि ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देतात, हे कृपा करून कुणी मला पुन्हा लिहू नका. पाच हजार पक्ष्यांना रोज इंजेक्शन टोचणारा माणूस कुठं मिळतो, ते आधी कळवा. तो वाढतो निवडलेल्या जातीमुळे आणि खाद्यामुळे.)

आता तुमचं पातेलं. जंतू औषधाला निबर झाला म्हणून उष्णतेला निबर होत नाही. साधा ई. कोलाय ज्या आचेवर मरतो, त्याच आचेवर हा आर-आर-आरवालाही मरतो. मांसाच्या गाभ्यापर्यंत ७५ अंश पोहोचले की खेळ खलास. आपला रस्सा त्याच्या कितीतरी वर रटरटतो. म्हणून मुलांना सूप बिनधास्त द्या, आत्यांनाही द्या. शुगर आणि आजारपणानं खंगलेल्या बाईला प्रथिनं हवीतच. किडनीचा काही त्रास असेल तर तेवढं त्यांच्या डॉक्टरांना विचारून.

तुमच्या ताटात धोका असलाच तर तो वाटीतल्या रश्श्यात नाही, शेजारच्या कांद्यात आहे.

चिकन धुतलं, त्याच विळीवर कांदा चिरला, त्याच हातानं लिंबाच्या फोडी केल्या. चिकन गेलं चुलीवर, कांदा-लिंबू तसेच ताटात. हा खेळ डोळ्यांनी बघायचा असेल तर एक सोपी युक्ती आहे, पैसे लागत नाहीत. चिकनला हळद-मीठ लावाल तेव्हा हळद जरा सढळ हातानं घ्या. सगळं आवरलं की दिवा लावून स्वयंपाकघरात पिवळे डाग शोधा. आमच्याकडे केलं तेव्हा अकरा सापडले. नळाची तोटी, मिठाच्या बरणीचं झाकण, गॅसचं बटण, मिक्सरचं बटण, मोबाइल, आणि पाच एकट्या फ्रीजच्या दारावर, कारण कोथिंबीर काढायला तोच हात गेला होता. अकरावा नातवाच्या गालावर होता. कुणीतरी मधेच लाडानं गालगुच्चा घेतला होता. जिथं हळद पोहोचली तिथं जंतूही पोहोचला, फरक एवढाच की हळद दिसते.

म्हणून धुण्याबद्दल. मीठ, हळद, लिंबू, कोमट पाणी, यातलं काहीही हे जंतू संपवत नाही. उलट नळाच्या धारेखाली मांस धरलं की बारीक शिंतोडे आजूबाजूच्या भांड्यांवर, ओट्यावर आणि तुमच्या पदरावर उडतात. शास्त्र म्हणतं, धुऊच नका, आच सगळं करते. पण मला आपल्याकडची दुकानं माहीत आहेत. ड्रममध्ये सोडलेला पक्षी, पिसं काढणारं मशीन, सगळ्यांना एकच ठोकळा, एकच सुरा, वर काळ्या पिशवीत हाडाची कुसळं आणि रक्त. ते न धुता शिजवा असं मी माझ्या घरातसुद्धा सांगू शकलेलो नाही. तेव्हा मधला मार्ग काढा. बेसिनमधली भांडी आधी बाहेर काढा. खोल पातेल्यात पाणी घ्या, मांस त्यात अलगद बुडवा, हातानं हलवा आणि पाणी हळूच ओता. धार लावायची नाही. मग बेसिन, विळी, पाट साबणानं आणि गरम पाण्यानं घासा, हात साबण लावून वीस सेकंद. घासणी तीच पुन्हा ताटांना वापरू नका. आणि कांदा, लिंबू, कोथिंबीर, कोशिंबीर हे सगळं चिकनची पिशवी उघडायच्या आधी चिरून झाकून ठेवा. एवढा एक क्रम बदललात तरी अर्धं काम झालं.

आखाडाच्या जेवणाला दहा-बारा किलो आणणार असाल तर पहाटे आणून परातीत ठेवू नका, शिजवायच्या वेळेला आणा. मसाला लावून ठेवायचा तर फ्रीजमध्ये. सुकं करताना मोठ्या तुकड्याचं हाडाजवळचं मांस बघा, तिथं लालसर रस राहता कामा नये. मीठ बघायला कच्चा मसाला जिभेवर ठेवायची सवय असेल तर तीही सोडा. उरलेला रस्सा रात्रभर पातेल्यात झाकून ठेवून सकाळी भाकरीशी खायची गोडी मलाही आहे, पण काही जंतूंची बीजं उकळीतही टिकतात आणि कोमट रश्श्यात रात्रीत फोफावतात. दोन तासांच्या आत पसरट भांड्यांत काढून फ्रीजमध्ये, आणि सकाळी खदखदून उकळी.

तुमच्या यजमानांच्या गावरानचं थोडक्यात. चवीला शंभर गुण. अंगणातल्या कोंबडीला औषधं कमी मिळतात हेही खरं, पण ती उकिरडा आणि गटार उकरून खाते, तिच्यातही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. शिवाय बाजारात गावरान म्हणून मिळणारे बरेच पक्षी गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींचे असतात आणि शेडमध्येच वाढतात. खुशाल आणा, पण धुण्या-चिरण्याचे नियम तेच. पाकिटावर अँटिबायोटिक-फ्री लिहिलेलं असलं तरी ते औषधाबद्दल असतं, जंतूबद्दल नाही.

आता तो डबा. स्टीलचा असेल, कपाटात वरच्या फळीवर, कधीकाळचे उरलेले तीन कॅप्सूल, कुणाच्या तरी दाढेच्या वेळची अर्धी पट्टी. आत्यांना जळजळ झाली की त्यातलं दोन दिवस, बरं वाटलं की बंद. मी शेडच्या टाकीत जे करत होतो, तेच तुम्ही आत्यांच्या पोटात करत होता. मऊ गवत जाळलं, लव्हाळा ठेवला. भावजींच्या शेडची आणि आत्यांच्या जंतूची सांगड मला पुराव्यानं घालता येणार नाही. या डब्याची मात्र बऱ्यापैकी घालता येते.

ही चूक तुमच्या एकट्यांची नाही आणि नवीही नाही. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेलच्या भाषणात एका काल्पनिक नवरा-बायकोची गोष्ट सांगितली होती. नवऱ्याचा घसा दुखतो, तो आपल्या मनानं थोडंसं पेनिसिलिन घेतो, जंतू मरत नाहीत, शहाणे होतात. तेच जंतू बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, आता पेनिसिलिन चालत नाही आणि ती दगावते. औषध नुकतंच बाजारात आलं होतं तेव्हाची ही गोष्ट आहे.

तर, डबा आजच रिकामा करा. ज्या पट्टीवर उभी लाल रेघ आहे ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. उरलेल्या गोळ्या उकिरड्यावर किंवा मोरीत टाकू नका, पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे न्या आणि काय करायचं ते विचारा. आत्यांचे तिन्ही वेळचे कागद आणि हा कल्चर रिपोर्ट एका फाइलला लावा. कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी ती फाइल आधी पुढे करायची. पुन्हा त्रास झाला तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीचा नमुना द्यायचा. इंजेक्शनं जितके दिवस सांगितलीत तितके दिवस, बरं वाटलं म्हणून मधेच सोडायची नाहीत. उलट बाजूनं, काही त्रास नसताना नुसत्या रिपोर्टात जंतू दिसला म्हणून औषध द्या असा हट्टही धरू नका. या वयात लघवीत जंतू असूनही औषध लागत नाही असं पुष्कळदा असतं, तो निर्णय डॉक्टरांचा. साखर ताब्यात, पाणी पुरेसं आणि लघवी तुंबवून न ठेवणं, एवढं तुमच्या हातात. ताप, थंडी, कंबरेत दुखणं किंवा आत्या असंबद्ध बोलायला लागल्या तर सकाळची वाट न बघता गाडी काढायची.

भावजींशी तुम्ही बोलू नका, यजमानांना बोलू द्या, आणि तक्रारीच्या सुरात नको. करारावरच्या शेडमध्ये पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं, यांच्या वाट्याला शेड, मजुरी आणि किलोमागे मिळणारं पालनशुल्क. सुपरवायझर पाकीट देतो आणि हे टाकीत सोडतात. त्यांना खलनायक करून काय मिळणार? पण एक वही तर ते ठेवू शकतात: कुठलं औषध, कुठल्या तारखेला, किती दिवस, पाकिटावर विक्रीआधी किती दिवस थांबायला लिहिलंय. एन्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकचं नाव दिसलं तर त्यांना एवढंच सांगा, की हे आईच्या रिपोर्टातल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनचं सख्खं भावंड आहे. अमेरिकेनं २००५ मध्येच ते कोंबड्यांसाठी बंद केलं. मर लागली तर मेलेला पक्षी घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावं, शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात चौकशी करावी. जंतू तपासून दिलेलं औषध आणि 'असू द्या, खबरदारी म्हणून' सोडलेलं औषध यांत फार अंतर आहे. कोरडं तूस, क्लोरीनचं पाणी, वेळेवर लस, दारात पाय बुडवायला जंतुनाशकाचं पाणी, दोन बॅचमध्ये शेड धुऊन चुना मारून पंधरा दिवस मोकळं, यानं औषधाचा खर्च कमी होतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

आणि कोंबडीखत. तुमच्याकडे ते आल्याच्या वाफ्यात ओलंच गाडीनं जात असेल, उरलेलं परड्यातल्या मेथीला. ते आधी ढीग लावून नीट कुजू द्या, ढीग आतून तापला पाहिजे. ताजं खत पालेभाजीला अजिबात नको. मेथीचा घोळाणा आपण कच्चाच खातो, त्याला उकळी नसते.

आखाडाचं आमंत्रण भावजींना आत्यांनी स्वतः द्यावं असं माझं मत आहे, फोनवर नको, शेडवर जाऊन. आणि त्यांच्याच शेडचे पक्षी कंपनीनं दिले तर तेच आणा. कांदा-लिंबू आधी चिरून झाकून ठेवा, चिकनला हळद-मीठ लावायचं काम या वर्षी भावजी आणि यजमान या दोघांकडे द्या, आणि नंतर नर्सिंगच्या मुलीला बॅटरी घेऊन पिवळे डाग मोजायला लावा. किती निघाले ते कळवा. आमच्या अकराच्या खाली आले तर मी कोरेगावला जेवायला येतो.